दोन टोपल्या चकत्या

माझा धंदा घाण चिकटवायचा. घाबरू नका, सांगते.

कारखान्यातून जे घाण पाणी बाहेर पडतं ते तसंच ओढ्यात सोडता येत नाही, आधी साफ करावं लागतं. आणि ते साफ करतात जिवाणू. त्यांना त्या पाण्यातली घाण म्हणजे जेवण. मोठ्या टाकीत पाणी घ्यायचं, खालून ब्लोअरने हवा फुंकायची आणि म्हणायचं, बसा बाबांनो जेवायला. पण बसणार कुठे? पाण्याबरोबर वाहून गेले तर उद्या पंगतीला कोण? म्हणून त्यांना बसायला पाट द्यावा लागतो. तो पाट म्हणजे आमची चकती, धंद्याच्या भाषेत मीडिया. प्लास्टिकची, बाटलीच्या झाकणाएवढी, आत चाकासारख्या आऱ्या. अशा लाखो चकत्या टाकीत गरगरत असतात आणि महिना-दीड महिन्यात त्यांच्या पोटात तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. ऑपरेटर लोक त्याला शेवाळ म्हणतात. ते शेवाळ नाही, पण मी कधी भांडत बसले नाही. थर धरला तर पाणी साफ, नाही धरला तर एवढा खर्च करून तुम्ही नुसतं एक गटार ढवळताय.

अशा चकत्या बनवणाऱ्या भोसरीच्या एका छोट्या कंपनीत मी एकतीस वर्षं काढली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली एकटी मीच, बाकी सगळे यंत्रवाले. चकती कशाची असावी, तिचा पृष्ठभाग कसा असावा आणि गिऱ्हाइकाच्या टाकीत थर धरला की नाही, हे बघणं माझं काम.

या अंकाच्या संपादकांनी माझं एक व्याख्यान ऐकलं होतं. पहिल्या रांगेत बसून ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. नंतर फोन आला, "मॅडम, ती खंडेनवमीची साबणाची गोष्ट लिहून द्या, दिवाळीला लोक पोट धरून हसतील." तीच लिहितेय. फक्त आजवर मी ती जशी सांगत आले, तशी ती घडलेली नाही.

हसण्यासारखं या धंद्यात खूप आहे, तेही सांगते. एका कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला चकत्या त्यांच्या गणवेशाच्या निळ्या रंगात हव्या होत्या. म्हटलं, साहेब, महिन्याभरात त्या तपकिरीच होणार आहेत. तर म्हणे, "मग न होणाऱ्या द्या." दुसऱ्या एकाने दोन महिन्यांनी आम्हाला रागाचं पत्र पाठवलं, की आपला माल घाणेरडा झाला आहे, ताबडतोब बदलून द्यावा. ताथवड्याच्या एका सोसायटीत आम्ही चकत्यांच्या गोण्या उतरवल्या आणि टाकी तयार व्हायला उशीर झाला. मध्ये गणपती आले. मी जाऊन बघते तर माझ्या पांढऱ्याशुभ्र चकत्या दोऱ्यात ओवून मखराला लावलेल्या! सेक्रेटरी वर मलाच म्हणाले, "मॅडम, काय डिझाइन आहे हो तुमचं!" मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, छाती फुगली. त्या डिझाइनवर मी चार वर्षं घालवली होती.

प्लास्टिकची एक खोड आहे. ते पाण्याला जवळ करत नाही. साध्या प्लास्टिकवर थेंब टाका, अळवावरच्या पाण्यासारखा गोल राहतो आणि घरंगळतो. जिवाणूही तिथे टिकत नाहीत. म्हणून आम्ही प्लास्टिकच्या दाण्यात खडूची बारीक पूड आणि आणखी एक-दोन गोष्टी मिसळायचो. यंत्रातून त्याची लांब नळी निघायची आणि कारल्याच्या चकत्या कापाव्यात तशी ती कापली जायची. पुडीमुळे अंग खरखरीत व्हायचं. प्रत्येक लॉटमधली एक चकती मी अंगठ्याने घासून बघायची, मग तिच्यावर एक थेंब. थेंब पसरला तर लॉट पास. प्रयोगशाळेतली मोठी उपकरणं नंतर आली, पण ती अंगठ्याहून फार वेगळं काही सांगत नसत. या अंगठ्याचा मला फार गर्व होता.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मालकांनी एकदा भंगारातून वितळवलेला दाणा आणला. कसल्या तेलाच्या कॅनचा होता कोण जाणे, वास यायचा. वर पुडीचं प्रमाणही कमी केलं, का तर यंत्राचं पातं लवकर झिजतं म्हणून. चकती दिसायला काय सुंदर! काचेसारखी चकचकीत. मी अंगठा लावला आणि तो सटकन घसरला. थेंब टाकला, तो टेबलावर पळाला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांची तीच तऱ्हा.

मालकांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, हा लॉट देऊ नका. थर धरणार नाही."

"धरेल हो मॅडम. थोडा उशिरा धरेल. जिवाणूंना काय कळतंय, नवा दाणा की जुना?"

"त्यांना सगळ्यांत आधी कळतं, सर."

ते हसले. मग लॉट पास केल्याचा कागद पुढे सरकवला. "चाकणचा माल परवा जायचाय. तुम्ही आता डिपार्टमेंटच्या हेड आहात. हेडने अडवायचं नसतं, मार्ग काढायचा असतो."

हेड होऊन मला महिना झाला होता. माझ्याहून सीनियर दोन पुरुष त्या खुर्चीवर डोळा ठेवून होते आणि बाईला हेड केलं म्हणून उघड कुरकुरत होते. मी अडून बसले असते तर "बघा, सांगत होतो" म्हणायला ते तयारच होते. हे कारण सांगून मी माझी बाजू मांडते आहे असं समजू नका. कारण होतं, एवढंच. मी सही केली. पेन चालत नव्हतं, तर मालकांनी स्वतःचं दिलं.

तो लॉट गेला चाकणला, फळांचा गर आणि सॉस बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथल्या पाणी साफ करायच्या प्लँटवर ऑपरेटर होते बबनभाऊ. पन्नाशीला आलेले, तिथल्याच गावचे. ज्या जमिनीवर ती कंपनी उभी होती त्यातला एक तुकडा त्यांच्या घराण्याचा. जमीन गेली त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती यांना. आमची टाकी त्यांच्या जुन्या मळ्याच्या कोपऱ्यातच आली होती. "हितं आमची कोथमीर असायची," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नुसती ओळख करून द्यावी तसं.

नवीन टाकी सुरू करताना थर धरायला मदत लागते. जुन्या प्लँटमधला थोडा गाळ आणायचा, शेणाचं पाणी, गूळ, चिमूट-चिमूट युरिया घालायचा. बरेच ऑपरेटर हे नाक मुरडून करतात. बबनभाऊ स्वतः गोठ्यातून ताजं शेण आणायचे, फडक्यातून गाळून घ्यायचे.

"मॅडम, हे म्हंजी दही लावल्यावानीच हाय की," ते म्हणाले. "इरजन चांगलं पायजे आन् भांडं चांगलं पायजे."

मी गुळाची ढेप फोडायला घेतली. भांड्याबद्दल मला काय बोलता येणार होतं?

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "मॅडम, धरतंय, पर टिकत न्हाई. दुधावरची साय निघावी तसं निघतंय. जाळीला येऊन अडकतंय समदं."

"वाट बघा बबनभाऊ. वेळ लागतो."

"व्हय, तुमी म्हनता तर बघतो."

दर दोन दिवसांनी ते फोन करायचे आणि दर वेळी मी वाट बघा म्हणायचे. ते रोजच्या वहीत लिहून ठेवायचे, "शेवाळ धरले. सुटले." वळणदार अक्षर होतं त्यांचं. तरी पाणी कसंबसं पास होत होतं, कारण कंपनीचं उत्पादन अजून कमी होतं. मला वाटू लागलं, निभावून जाईल. मालकही म्हणाले, "बघा, उगाच घाबरत होता." आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग खंडेनवमी आली. आमच्या या पट्ट्यात त्या दिवशी काय असतं ते बाहेरच्यांना सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकूण एक यंत्र धुऊन-पुसून लखलखीत करतात. लेथ, प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, कॅन्टीनचा कणीक मळायचा मिक्सरसुद्धा. मग हळदकुंकू, झेंडू, नारळ आणि पेढे. माझे वडील, अण्णा, पिंपरीत एका कारखान्यात लेथवर होते. आम्ही बौद्ध. घरात देव नाहीत, अण्णा कधी देवळात गेले नाहीत. पण त्या दिवशी लेथ पुसायला ते स्वतःचा जुना मऊ सदरा घेऊन जायचे. आई चिडवायची तर म्हणायचे, "देव नाही तो. पण त्याच्यावर आपलं चालतं ना? मग पुसायला काय जातंय?"

मी त्या दिवशी आईला घेऊन नागपूरला निघाले होते, दसऱ्याला दीक्षाभूमीवर. बसमध्ये असताना बबनभाऊंचा फोटो आला. केळीच्या पानावर माझ्या चकत्यांची रास, पांढऱ्याधोप. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं, शेजारी नारळ. मागे बबनभाऊ, नवी टोपी, हात जोडलेले. फोटोखाली त्यांनी बोलून पाठवलं होतं, "मॅडम, तुमच्या चकत्यांची बी पूजा केली. कंपनीनं समदं धुवायला सांगितलं व्हतं. टाकीतल्या काय समद्या निगत न्हाईत, दोन टोपल्या काढल्या, साबन लावून सोच्छ केल्या. आता परत सोडतो. सुखरूप या."

मी तो संदेश आईला ऐकवला आणि आम्ही दोघी हसलो. वाईट काही नव्हतं त्या हसण्यात. थर धुऊन काढायचा नसतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं. आणि लाखो चकत्यांतल्या दोन टोपल्या! विहिरीतून तांब्याभर पाणी काढावं तसं ते. मी उत्तर लिहिलं, "छान."

दसऱ्यानंतर कंपनीत दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या. उत्पादन दुप्पट, घाण पाणीही दुप्पट. आठ दिवसांत टाकी बसली. काळं पाणी, वर फेस, वास असा की गेटवरचे वॉचमन रुमाल बांधून उभे. घाण ओढ्यात गेली. गावातली जनावरं ओढ्याला तोंड लावेनात. गावकरी गेटवर आले, कंपनीला उत्पादन थांबवावं लागलं.

मीटिंग बसली. कंपनीचे प्लँट हेड, आमचे मालक, मी. प्लँट हेड घाईचा माणूस. "मॅडम, स्टोरी नको. रूट कॉज काय, मला एका ओळीत सांगा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.   मी पर्समधून फोन काढला. मला आजही कळत नाही, हात फोनकडे आधी गेला की विचार आधी आला. मी फोटो उघडला आणि टेबलावरून पुढे सरकवला.

"खंडेनवमीला ऑपरेटरने मीडिया साबणाने धुतला," मी म्हणाले. "जिवाणू मेले."

"ओह माय गॉड," प्लँट हेड म्हणाले आणि हसायला लागले. आमचे मालकही हसले, त्यांचा जीव भांड्यात पडला होता. फोटोखालचा आवाज मी कुणाला ऐकवला नाही. दोन टोपल्या हे शब्द त्या खोलीत उच्चारलेच गेले नाहीत.

मग बबनभाऊंना आत बोलावलं. चपला दाराबाहेर काढून आले. प्लँट हेडनी विचारलं, "धुतल्या का तुम्ही?"

"व्हय साहेब, धुतल्या. पर दोनच टोपल्या..."

आणि मी मध्ये बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "बबनभाऊ, साबणाचा एक थेंबसुद्धा पुरतो. सगळ्या टाकीला बाधतो."

असं काही नसतं. दोन टोपल्यांच्या साबणाने त्या एवढ्या टाकीला काय होणार? शिंकसुद्धा येणार नाही. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

बबनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत बाई फळ्यावर लिहितात ते आपण कसं बघतो, तसं. मग म्हणाले, "मॅडम म्हनतात तर तसंच आसंल. त्यांचं शिक्षन हाय त्यातलं. माझ्याच हातनं झालं मग."

वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ना, ते मी पाच मिनिटांत उरकलं. मी लिहिलेला अहवाल एक पानाचा होता. त्यात "अंधश्रद्धेपोटी केलेल्या कृतीमुळे" असा शब्दप्रयोग आहे. तो मी मुद्दाम घातला. पूजा न करणाऱ्या घरातली, विज्ञान शिकलेली मी. तो शब्द वापरताना मला चक्क अभिमान वाटला होता. ज्या बाईने खराब माल पास करून सही ठोकली, ती एका निष्ठेने काम करणाऱ्या माणसाला अडाणी ठरवत होती. चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या काय असतात?

बबनभाऊंना कामावरून काढलं. मालकांनी मुकाट्याने चांगल्या दाण्याच्या, भरपूर पुडीच्या नव्या चकत्या बनवून दिल्या. त्यांच्यावर थर असा धरला की बघत राहावं. सगळे म्हणाले, बघा, ऑपरेटर बदलला आणि प्लँट सुधारला.

त्या आठवड्यात मी घरी जेवताना ही गोष्ट रंगवून सांगितली. संत तुकाराम नगरच्या आमच्या त्या दोन खोल्यांत नवरा हसला, आई हसली. अण्णा हसले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "दोन टोपल्यांनी होतं का गं असं?"

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं, अण्णा."

"नसेल कळत. पण त्याला आधी कुणी सांगितलं होतं का, की हे यंत्र पुसायचं नसतं?"

मी ताटावरून उठले. लेथवर तीस वर्षं हजारातल्या एका भागाचा हिशेब करणाऱ्या माणसाला मी नाही कळायचं म्हणाले. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. ते गेले तेव्हाही आमच्यात तो तसाच राहिला होता.

पुढचं सगळ्यांत लाजिरवाणं. आम्ही निगडीला राहायला आलो, माझं नाव झालं, ऑपरेटरांच्या प्रशिक्षणाला मला बोलावणी येऊ लागली. तासभर बोलून लोक पेंगायला लागले की मी ती गोष्ट काढायची. पडद्यावर तो फोटो लावायची. केळीचं पान, झेंडू, हात जोडलेले बबनभाऊ. चेहरा झाकायचंही मला कधी सुचलं नाही. मी नाट्यमय आवाजात म्हणायची, "आणि अशा रीतीने जिवाणूंना खंडेनवमीची अंघोळ घालण्यात आली!" सभागृह खदखदायचं. सांगून-सांगून गोष्ट एवढी गुळगुळीत झाली, की मलाच खरी वाटू लागली. एका माणसाची नोकरी घेऊन मी त्याच्यावर टाळ्या घेत होते, दहा वर्षं.

गेल्या वर्षी निवृत्त झाले तरी व्याख्यानं चालूच होती. त्यातल्याच एकात, संपादक पहिल्या रांगेत बसले होते त्याच, मागून एक वयस्क ऑपरेटर उठला. मराठवाड्याकडचा असावा. "मॅडम, फोटोत तर हजारभरच चकत्या दिसूलाल्या. टाकीत किती होत्या मग?"

"लाखो," मी म्हणाले.

"मग बाकीच्यावरचा थर कुठं गेला म्हणायचा?"

लोक हसायचे थांबले. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहाची वेळ झाली." तो माणूस खाली बसला. 

पंधरा दिवस तळमळले आणि एका सकाळी उठून चाकणला गेले. बबनभाऊंचं घर शोधायला वेळ लागला नाही. वर दोन मजले कामगारांना भाड्याने दिलेले, खाली हे दोघं नवरा-बायको. ते अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले होते. खंगले होते. मला बघून धडपडत उठले.

"मॅडम! तुमी? आगं शालन, खुर्ची आन. ह्या आपल्या चकत्यावाल्या मॅडम."

मी बसले.  तेच बोलायला लागले, "तुमाला माझ्यापायी लई तरास झाला तवा. कंपनीत तुमचं बी नाव खराब झालं आसंल."

मी म्हटलं, "नाही हो."

"कसं न्हाई? म्या गावाचं पानी नासवलं. जनावरं तहानंली व्हती. म्या देवळात समद्या गावाम्होरं हात जोडून माफी मागितली. लोकांनी दिली, न्हाई असं न्हाई. पर भजनाला बसलो की मागनं कोन तरी म्हनतंच, 'बबन, साबन आनला का?'" ते हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तवापास्नं हे खंडेनवमीला हत्याराला हात लावत न्हाईत. मीच करते. म्हंत्यात, माझ्या हाताला यश न्हाई. घरात दह्याला इरजन बी लावत न्हाईत."

मग मी सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं. "बबनभाऊ, तुमच्या धुण्याने काहीही झालं नव्हतं. दोन टोपल्यांनी काही होत नाही. आमच्या चकत्याच खराब होत्या. चुकीचं प्लास्टिक होतं. त्यांच्यावर थर टिकलाच नसता, धुवा नाहीतर पूजा करा."

ते जुडी हातात धरून तसेच बसले. "काय म्हनता?"

"खरं सांगते."

"म्हंजी माझ्या हातनं न्हाई झालं?"

"नाही."

"वढा बी म्या न्हाई नासवला?"

"नाही हो, बबनभाऊ."

त्यांनी जुडी खाली ठेवली. "शालन, आयकलंस का? माझ्या हातनं न्हाई झालं. म्या सांगत व्हतो का न्हाई, सायीवानी सुटतंय म्हनून?" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. साठी ओलांडलेला माणूस, उपरण्यात तोंड घालून हुंदके देत होता. वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मीही रडत होते, आणि मनातल्या मनात मला हलकंही वाटत होतं. झालं एकदाचं, असं वाटलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने, आणि विचारलं, "आन् तुमाला कवा कळलं, मॅडम?"

साधा प्रश्न. त्यांना माझ्यावर संशयच नव्हता. माझ्याकडून अजाणता चूक झाली, आता कळल्यावर बाई एवढ्या लांबून सांगायला आली, असंच ते समजत होते. खरं बोलायला आलेली मी. एवढ्यासाठीच आलेली.

"मागच्या महिन्यात," मी म्हणाले. "जुने कागद चाळताना कळलं."

"बगा!" ते वहिनींना म्हणाले. "कळल्याबरूबर आल्या. आजकाल कोन येतं?" आणि मला म्हणाले, "मनाला लावून घिऊ नका. मानूसच हाय, चुकतं. तुमाला तरी कुठं म्हाईत व्हतं?"

वहिनी आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. नारळ, तांदूळ, खण. आमच्यात ओटी भरत नाहीत, हे सांगायला तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडाने सांगणार? मी ओढणी पसरली. त्यांनी कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि वाकून माझ्या पाया पडल्या. वयाने माझ्याहून मोठ्या. "तुमच्यामुळं ह्यांच्या जिवाला थंडावा मिळाला," म्हणाल्या. बबनभाऊ गाडीपर्यंत सोडायला आले. कोथिंबिरीच्या सहा जुड्या त्यांनी मागच्या सीटवर ठेवल्या. मी नको म्हटलं नाही. घरी येईपर्यंत गाडीभर तो वास होता. निगडीच्या चौकात सिग्नलला थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी त्या माणसाला दुसऱ्यांदा फसवलं. या वेळी ना मालकांची भीती होती, ना खुर्चीची. नुसतं त्याच्या नजरेत चांगलं राहायचं होतं.

पुन्हा जाऊन समोर बसून सांगायची हिंमत मी चार वेळा गोळा केली. दोनदा चाकणच्या चौकातून परत फिरले. म्हणून इथे लिहितेय, नाव घालून, चारचौघांत. वहिनींना वाचता येतं, त्या वाचून दाखवतील.

बबनभाऊ, तुम्ही विचारलं होतंत, कवा कळलं. मागच्या महिन्यात नाही. चकत्या अजून आमच्या गोदामात होत्या, गोण्या शिवायच्या होत्या, तेव्हाच मला माहीत होतं. तुम्ही मीटिंगमध्ये माझ्याकडे बघत होतात तेव्हाही माहीत होतं. वहिनी माझ्या पाया पडल्या तेव्हाही.